व्याह्याच्या गालाचा कागद

१४ सप्टेंबर ६६
हरबाजी आला होता. लालबर्र्याच्या राइस मिलवर हमाल आहे, बाजाराला बालाघाटला येतो. पिशवीतून फोटो काढला. फोटोत मिलचा मालक डोमाजी, माझा व्याही. फेटा, मिशा, खुर्चीत बसलेला. सोसायटीचा अध्यक्ष झाला म्हणे. मिलमधल्या बसायच्या गादीच्या वर लावायला कागदाचे तुकडे चिकटवून केलेलं मोठं चित्र पाहिजे. शाळेच्या प्रदर्शनात कोणा साहेबाने माझ्या चित्राची तारीफ केली, ती त्याच्या कानी गेली.
"व्याही बनवते त घरचंच काम हाय," असं बोलला म्हणे.
घरचं. माझ्या पोरीला, वच्छलेला ट्रंकेसकट बसमध्ये घालून परत पाठवलं तेव्हा घरचं नव्हतं. मूल होत नाही हे कारण. त्याआधी त्याच्या पोरीच्या लग्नात मला व्याह्यांच्या पंगतीतून उठवलं. "रद्दीवाले तिकडं बसा." लोक हसले. पानात वरण वाढलेलं होतं. ते पान हातात धरून मी उठलो.
फोटो ठेवून घेतला. हौ म्हणालो.

१५ सप्टेंबर
त्याचं नाव पूर्ण लिहवत नाही. यापुढे डो.
हौ का म्हणालो? वच्छी विड्या वळत होती. फोटोकडे एकदा पाहिलं, पान कातरत राहिली.

१९ सप्टेंबर
पुठ्ठ्यावर पेन्सिलीने आखलं. फेट्याला विडी बंडलाची लाल लेबलं. कोटाला वह्यांची निळी कव्हरं. मिशांना कार्बन. चेहऱ्याला नेहमीसारखं पोस्टकार्ड, कातडीचा रंग दुसऱ्या कशात सापडत नाही. कात्री लावायची नाही, हाताने फाडायचं. फाटलेली कड पांढरी निघते, नाकाच्या शेंड्यावर उजेड पडल्यासारखी दिसते.
डो.चे गाल मोठे. कार्डं पुष्कळ लागणार.

२३ सप्टेंबर
मागच्या गल्लीतली भागाबाई कार्ड घेऊन आली. तिला वाचता येत नाही. आमच्या मोहल्ल्यातले बहुतेक माझ्याकडेच आणतात. कार्डाचा कोपरा फाडलेला होता, म्हणजे मरणाची खबर, म्हणून ती उंबऱ्याबाहेरच थांबली. मीही बाहेर उभ्यानेच वाचलं. राजेगावची तिची मावशी गेली. रीतीप्रमाणे लगेच फाडलं, ती रडत आंघोळीला गेली. मरणाचं कार्ड घरात ठेवत नाहीत. ठेवलं तर निरोप त्याच घरी मुक्काम करतो.
तुकडे नालीत टाकायला गेलो. टाकले नाहीत.
सुचलं ते लिहायला भीती वाटते. तरी लिहितो. डो.चे गाल असल्याच कार्डांचे करीन. मग लाव म्हणावं गादीवर.

३ ऑक्टोबर
काम गोठ्यात हलवलं. मोहल्ल्यात मरणाचं कार्ड आलं की तुकडे डब्यात, डबा भाताच्या तणसाखाली. घरात आणत नाही. हात घासून धुतो, तरी जेवताना वाटतं नखात काही राहिलं. तुकडे हाताळले की डोक्यावरून पाणी घेतो. आज वच्छीची माय म्हणाली, "रोज कोन मरते तुमचं?"
मनात म्हटलं, मरेल.

१२ ऑक्टोबर
कार्डं कमी पडतात. भागाबाईला सहज विचारलं, राजेगावला आणखी कोणी आजारी आहे काय. ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली आणि निघून गेली. तेव्हापासून बोलत नाही.

२१ ऑक्टोबर
डावा गाल झाला. लांबून डो. हसरा दिसतो. जवळून पाहिलं तर कानाखाली 'दुःखद'मधला 'दुः' उघडा राहिला आहे. शाईची सावली चांगली पडली. त्यावर दुसरा तुकडा लावायला हवा होता.
नाही लावला.

३० ऑक्टोबर
हरबाजी आला, सांगू लागला. जावई दुसरं लग्न करायला तयार नाही. बापाशी बोलत नाही, मिलवरच जेवतो. म्हणून डो.ने निरोप पाठवला, दिवाळी झाली की सुनेला पाठवा. "चित्र अन् पोरगी एकाच बसनं येऊ द्या, दोन खेपा काहून?"
हरबाजी हसला. मीही हसलो. मग गोठ्यात जाऊन बसलो.
तेच घर. तिचं कुंकू त्याच घरात.

१ नोव्हेंबर
गेल्या आठवड्यात उजवाही गाल लावून झाला होता. ओल्या फडक्याने तोच आधी सोडवायला घेतला. चिकटवायच्या खळीत मोरचूद घालतो, त्याने कागद खाणारी कसर लागत नाही, पण कागद सुटतही नाही. अर्धा निघाला, खालचा पुठ्ठा फाटला. डो. भाजल्यासारखा दिसतो. पाहून बरं वाटलं.
वरून साधी कार्डं लावून झाकू? पण खालचं खाली राहणारच.

४ नोव्हेंबर
वच्छी गोठ्यात आली. डबा तिच्या हातात. शेण काढताना तिला केव्हाच सापडला होता. तुकड्यांवरचं वाचलंही होतं.
"ह्या गालावरचं काहून काढलं?"
तुला तिथं नांदायचं आहे म्हणून, सांगितलं. नवरा आहे तुझा त्या घरात.
ती खाली बसली. "बाबा, त्यायनं मले बसमध्ये बसवलं तवा नवरा फाटकात उभा होता. हात बी नाही उचलला त्यानं."
मग डब्यातून एक तुकडा घेतला, उजेडाकडे धरून पाहिला, गालावर ठेवला. "हा काळपट हाय. इथं साजते."
रागाने बोलली असती तर समजावता आलं असतं.

७ नोव्हेंबर
दोघांनी मिळून गाल पुरा केला. विड्या वळून वळून तिचा हात माझ्यापेक्षा साफ झाला आहे. एकदा म्हटलं, तू जाऊ नको, चित्र एकटं पाठवू.
"एकटं गेलं त लावन कोन?"
तिच्या मायला यातलं काही माहीत नाही. ती करंज्या करून राहिली, सोबत द्यायला.

१८ नोव्हेंबर
गेली. वच्छीने बसमध्ये चित्र चादरीत गुंडाळून मांडीवर धरलं होतं. कंडक्टर टपावर टाकतो म्हणाला, तिने दिलं नाही.

२७ नोव्हेंबर
हरबाजी सांगतो, डो. फार खूश. चित्र मिलच्या गादीवर नाही, घरात मधल्या खोलीत लावलं. वच्छीने जागा दाखवली. रोज सकाळी ती त्याला उदबत्ती ओवाळते. जिवंत माणसाच्या चित्राला! आणि डो. पाहुण्यांना म्हणतो, पाहा, सून असावी तर अशी. माझंही नाव निघालं. रद्दीवाल्याच्या हातात कला आहे म्हणाला.
तरी रद्दीवालाच.
दिवसभर चांगला गेला. संध्याकाळी आठवलं, मधल्या खोलीत म्हणजे ती जेवते, झोपते तिथंच.

९ डिसेंबर
बाजारात हरबाजी भेटला. घाईत होता. डो.च्या घरात ताप शिरला आहे, दवाई न्यायला पाठवलं होतं. कोणाला ताप, विचारलं. "ते कुठं सांगते मले," म्हणाला, "घरच्याले म्हनून सांगतलं." बस सुटत होती, धावत जाऊन चढला.
घरचा म्हणजे कोण?
उद्या पहिल्या गाडीने लालबर्र्याला जातो. वच्छीची माय विचारते, एकाएकी कोनाले पाहाले चालले? सांगितलं, व्याह्याले.
असंच निघो, ताप त्यालाच असो.