चांदीच्या नाण्यावरचा ठसा

शनिवार, २७ नोव्हेंबर १९८२, जिंतूर

ओठ सुजलाय, तरी लिहितेच.

दुपारी परभणीहून एक जाणकार ह्यांची नाणी पारखायला आले होते. टांकसाळीनं खास जमवणाऱ्यांसाठी काढलेली, आरशासारखी नाणी. हे ती हातमोजे घालूनच उचलतात. जाणकारांनी चांदीच्या नाण्यावर भिंग धरलं. "अंगठ्याचा ठसा उमटलाय. किंमत निम्म्यावर आली."

ते गेले आणि ह्यांनी कडी लावली. "तूच हात लावलास!"

मी नाही म्हणाले. पहिल्याच थपडेत ओठ फुटला. मग केस धरून डोकं भिंतीवर आपटलं, दोनदा. हातमोजे तसेच हातात. पांढऱ्या सुतावर माझं रक्त. हातमोज्यांचंच का लिहितेय मी? डोळ्यांपुढून जातच नाहीत ते. तिसऱ्यांदा आपटणार, तेवढ्यात हाताला लागलेला तांब्या मी त्यांच्या कपाळावर हाणला. रक्ताची धार लागली. कपाळ दाबत ते टाके घालायला दवाखान्यात गेले.

सासूबाई कोपऱ्यातून सगळं बघत होत्या. ओल्या फडक्यानं माझं तोंड पुसता पुसता म्हणाल्या, "ठसा माझा हाय गं. लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडलं व्हतं मी."

"मग मघाशी बोलला का नाहीत?"

त्यांनी पदर सारून खांद्यावरचा वळ दाखवला. "मला बी मारतो त्यो."

सहा वर्षं एका घरात, आणि मला माहीत नव्हतं. त्यांच्यावर चिडायचं होतं, जमलंच नाही.

पेडगावला माझ्या भावाकडे जायची एसटी सकाळी आहे. मी पिशवी भरायला घेतली. सासूबाईंनी काही न विचारता आपली दोन लुगडी तीत ठेवली.