डाव्या गालाचा ॲडव्हान्टेज

रविवार, ३ मार्च. संध्याकाळ.
आजची मॅच उत्तम झाली. कुरिअरवाले विरुद्ध दुकानदार. शेवटच्या मिनिटाला कुरिअरवाल्यांच्या कॅप्टनने गोलसमोर चेंडू हाताने अडवला. मी पेनल्टी दिली. निर्णय शंभर टक्के बरोबर. त्यानंतर कॅप्टन माझ्याशी चर्चा करायला आला. चर्चेच्या ओघात त्याचा हात माझ्या डाव्या गालाला लागला. मूठ वळलेली होती. मी थोडा वेळ गवतावर बसलो. (बायको म्हणते, तुम्ही आडवे पडला होतात. ती तिथे नव्हती.)

कॅप्टनला सगळे टेम्पो म्हणतात. टेम्पोच चालवतो. वागतोही तसाच, हॉर्न न वाजवता.

आमच्या कोपऱ्यावरचा औषधवाला दुकानदारांकडून खेळतो. त्यानेच टेम्पोला मागून कव घालून ओढलं, माझी शिट्टी गवतातून शोधली, शर्टाला पुसून हातात दिली आणि मला घरी सोडलं. चांगला मुलगा. फक्त वाटेत सारखं विचारत होता, काका, आज वार कोणता? मॅच रविवारीच असते, एवढंही त्याला माहीत नाही.

पुढच्या रविवारी नेहमीप्रमाणे जाणार.

सोमवार, ४ मार्च.
गाल सुजलाय. दुखत नाही. खरं म्हणजे काहीच होत नाही. चहा डावीकडून ओघळतो, ते बायकोने सांगितल्यावर कळतं. डॉक्टरने फोटो काढला. हाडाला बारीक चीर आहे, नस दबलीय, जाणीव परत यायला काही महिने लागतील, कदाचित येणारही नाही, असं म्हणाला. मी म्हटलं, रेफरीला गालाचा काय उपयोग, डोळे शाबूत हवेत. तो हसला नाही. बायकोही नाही. चांगला विनोद वाया गेला.

फॅक्टरीत सांगितलं, चेंडू लागला. सुटसुटीत.

बुधवार, ६ मार्च.
लीगच्या सेक्रेटरीचा फोन. उद्या कमिटीची बैठक. मी फक्त एवढंच सांगायचं, की टेम्पोने मारलं. बाकी ते बघून घेतील. दोन सीझन मैदानाबाहेर.

आरशासमोर भाषण बसवलं. खेळ, शिस्त, समाज, उद्याची पिढी. जबरदस्त झालंय. बायकोने दारातून ऐकलं. म्हणाली, एवढं नको, मारलं एवढंच म्हणा नि खाली बसा. तिला वक्तृत्वातलं काही कळत नाही.

गुरुवार, ७ मार्च.
बैठक झाली. आधी औषधवाला उभा राहिला. सगळं जसंच्या तसं सांगितलं. मग माझी पाळी. टेम्पो समोरच बसला होता. मी 'सभ्य गृहस्थहो' म्हटलं आणि त्याने खुर्ची मागे सरकवली. पाणी घ्यायला उठत होता, हे नंतर कळलं. तोपर्यंत मी सांगून टाकलं होतं, की चेंडू लागला.

कोणीतरी विचारलं, मग हा पोरगा खोटं बोलतोय का? मी म्हटलं, लांबून नीट दिसलं नसेल. (तो तेव्हा दोन हातांवर होता.) कमिटीने टेम्पोला समज दिली. त्याने ती घेतली. क्षमा वीरस्य भूषणम्. भाषण तसंच राहिलं, पुढेमागे उपयोगी पडेल.

येताना औषधवाला झपाझप पुढे निघून गेला. दुकान उघडायचं असेल.

बायको म्हणाली, पडलो तरी नाक वर. मग तिला ॲडव्हान्टेजचा नियम समजावला. फाऊल झालेला असतो. रेफरीला दिसलेलाही असतो. पण ज्याच्यावर फाऊल झाला त्याचाच खेळ छान चालू असेल, तर शिट्टी मारायची नाही. दोन्ही हात पुढे करायचे आणि म्हणायचं, खेळ चालू. हा रेफरीचा सर्वांत मोठा निर्णय. कच्च्या माणसाचं काम नाही. तिने विचारलं, तुमचा काय खेळ चालू आहे छान? प्रश्नच चुकीचा.

रविवार, १० मार्च.
मैदानावर गेलो नाही. ढग होते. सेक्रेटरीला कळवलं, सर्दी आहे. सर्दी होण्याची शक्यता होतीच.

दुपारी शिट्टी सहज तोंडात धरून पाहिली. वाजली नाही. ओठाला कळायला नको का, की शिट्टी आलीय म्हणून!

मंगळवार, १२ मार्च.
ॲडव्हान्टेज सगळीकडे लागू पडतो, हे आज लक्षात आलं. फॅक्टरीत माझं काम कप तपासण्याचं. तडा, टवका, वाकडा कान दिसला की कप बाजूला. पण बाजूला काढला की भट्टीवाला येतो, आवाज चढवतो, हातवारे करतो. आज एक टवका दिसला. पाहिला. जाऊ दिला. खेळ चालू. संध्याकाळपर्यंत पट्टा एकदाही थांबला नाही. भट्टीवाल्याने चहा पाजला. थोडा सांडला.

बसमध्ये एकजण माझ्या पायावर उभा होता. माझ्याच स्टॉपला उतरला, म्हणून बरं.

रविवार, १७ मार्च.
आज पूर्ण ड्रेस घालून निघालो. काळा शर्ट, मोजे, खिशात दोन्ही कार्डं. मैदानाच्या फाटकापर्यंत गेलो. समोरच्या बस स्टॉपवरून मैदान फार छान दिसतं, म्हणून तिथेच बसलो. बदली रेफरीने दोन निर्णय साफ चुकवले. मी बसल्या जागी दोन्ही वेळा कार्ड काढलं. शेजारच्या बाईंनी पिशवी जवळ घेतली.

आत मुद्दाम गेलो नाही. नव्या माणसावर दडपण येतं.

बुधवार, २० मार्च.
डॉक्टरला विचारलं, शिट्टी का वाजत नाही? म्हणाला, स्नायू ठणठणीत आहेत, फक्त जाणीव गेलीय, शिट्टी वाजायला काहीच हरकत नाही. त्याला फुटबॉलमधलं शून्य कळतं.

खेळाच्या दुकानातून बटणाची शिट्टी आणली. हातात धरायची, अंगठा दाबायचा, झालं. तोंडाचा संबंधच मिटला. घरी येऊन दाबली. आवाज असा, की बायकोच्या हातून पातेलं पडलं. मी जिन्यात होतो. कसा पोचलो ते आठवत नाही.

येताना औषधवाल्याकडून गोळ्या घेतल्या होत्या. जेवणानंतर घ्या साहेब, म्हणाला. आधी काका म्हणायचा. व्यवसायात माणूस औपचारिक होत जातो.

शुक्रवार, २२ मार्च.
कप परत आले. खोकीच्या खोकी. सुपरवायझरने एकेक टवका माझ्यासमोर धरला आणि विचारलं, हा दिसला नाही? म्हटलं, दिसला. हाही? हाही दिसला. त्याला ॲडव्हान्टेज समजावत होतो, तेवढ्यात त्याने मला पॅकिंगला पाठवलं. तिथे खोक्याला चिकटपट्टी लावायची. निर्णय म्हणून घ्यावा लागत नाही. एका अर्थी बढतीच.

शनिवार, ३० मार्च.
सेक्रेटरीचा फोन. बदली रेफरी सोडून गेला. त्यालाही म्हणे कोणीतरी चेंडू मारला. उद्या कुरिअरवाले विरुद्ध दुकानदार. दुसरा कोणी नाही, मी आलो नाही तर लीगच बंद करावी लागेल. हो म्हटलं.

उद्याचं ठरलं. पहिला फाऊल, पहिलं कार्ड. समोर कोण आहे ते बघायचं नाही. टेम्पो असो की रेल्वे.

बायकोने काळ्या शर्टाला इस्त्री केली. बराच वेळ करत होती. मग म्हणाली, एकदा तरी वाजवून या, बास. मी म्हटलं, एकदा? कान किटतील लोकांचे. रात्री जेवण गेलं नाही. भीती वाटत होती. तिला नाही सांगितलं.

रविवार, ३१ मार्च. संध्याकाळ.
पार पडली.

मॅच हाताच्या इशाऱ्याने सुरू केली. हाफ टाइम खेळाडूंना तहान लागल्यावर आपोआप झाला. एकदाही वाद नाही.

दुसऱ्या हाफमध्ये टेम्पोने मागून येऊन औषधवाल्याच्या पायावर लाथ घातली. चेंडू तिथे नव्हताच. हाडाचा आवाज मला ऐकू आला. सगळे थांबले आणि माझ्याकडे बघू लागले. टेम्पोसुद्धा. तो तर मान खाली घालून बाहेर जायला निघालाही होता. अंगठा बटणावर होता. मी दोन्ही हात पुढे केले. खेळ चालू.

चेंडू कुरिअरवाल्यांकडे होता. म्हणजे ॲडव्हान्टेज नक्की कोणाचा, ते आता सांगता येत नाही. त्यांनी गोल केला.

औषधवाला खालूनच म्हणाला, काका, दिसलं नाही का? मी म्हटलं, दिसलं. त्याला दोघांनी उचलून नेलं.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, वाजवलीत? म्हटलं, गरजच पडली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मग विचारलं, गालावर ही माती कसली? मला माहीतच नव्हतं. आठवून पाहिलं. टेम्पोच्या हाताची असणार. मॅच संपल्यावर तो जवळ आला होता, असा रेफरी पाहिजे म्हणाला होता आणि शाबासकी म्हणून गाल थोपटला होता. डावा.

तिने फडकं ओलं करून आणलं आणि पुसायला लागली. पुसून झालं का, ते मला विचारावं लागलं.