चुकीची बाजू आणि माझे पैकीच्या पैकी गुण

आदरणीय मामा,

तुमच्या भाचीचा दोघांनाही वाकून नमस्कार. मामींची कंबर आता कशी आहे? आणि तुमचा खोकला? (औषधाची बाटली संपवायची असते मामा, कपाटात शोभेला ठेवायची नसते.) मी बरी आहे. म्हणजे जेवते, झोपते आणि उरलेल्या वेळात घाबरते.

त्याचं असं झालं. सर्जरी शिकणाऱ्यांचा इथे नुसता हात बघत नाहीत, आता वागणुकीलाही गुण आहेत. रुग्णाशी नीट बोलते का, खरं सांगते का, वरिष्ठ चुकले तर तोंड उघडते का, असं सगळं. यात नापास झालं की वर्ष पुन्हा. बरं, गुण कोण आणि कधी देतंय हे कळू देत नाहीत. त्यामुळे मी सरसकट सगळ्यांशीच इतकी गोड वागायला लागले की लिफ्टवाल्या काकांनी माझी तब्येत विचारली आणि एका सिस्टरने बाजूला घेऊन विचारलं, की माझ्या हातून काही फुटलंय का. वॉर्डात एक गंभीर गृहस्थ वर बघत उभे होते, त्यांना परीक्षक समजून मी त्यांच्यासमोर पुन्हा पुन्हा हात धुतले. ते पंखा दुरुस्त करायला आले होते.

त्यात आमच्या एका सीनियरने (त्याला आम्ही वायरलेस म्हणतो, कारण अफवा आधी त्याच्याकडे येते) सांगितलं, की परीक्षक मुद्दाम चूक करतात आणि ज्युनियर बोलतो का ते पाहतात. मी हे अगदी मनात पक्कं बसवलं.

या आठवड्यात एका निवृत्त चित्रकला शिक्षकांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. (नाव लिहीत नाही, त्यालाही गुण आहेत.) सकाळी त्यांनी खोकून मला उजव्या जांघेतला फुगवटा दाखवला, मी तिथे पेनाने बाण काढला आणि रेघेत जोर नाही असं त्यांचं मत ऐकून घेतलं. पुढे थिएटरमध्ये त्यांना भूल दिली, औषधाने पुसताना माझा बिनजोर बाण निघून गेला आणि वर हिरव्या चादरी आल्या. चाकू लावण्याआधी सगळ्यांनी क्षणभर थांबून रुग्ण, आजार आणि बाजू मोठ्याने म्हणायची असा नियम आहे. आमच्या मोठ्या सरांना तो वेळेचा अपव्यय वाटतो. त्यांनी "हं, डावी" म्हटलं आणि चाकूसाठी हात पुढे केला. बाकीच्यांनी सवयीने माना हलवल्या.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. आली की परीक्षा, मी मनात म्हटलं. मास्कच्या आत चक्क हसत, ठणठणीत आवाजात मी बोलले, "सर, बाजू उजवी आहे. सकाळी मी स्वतः तपासलंय. आपण थांबावं." सिस्टरने केसपेपर पाहिला आणि तिचे डोळे मोठे झाले. सरांचा हात तसाच हवेत. मग मला त्यांच्या कपाळावर घाम दिसला. मामा, माणूस चुकल्याचं नाटक करू शकतो, घामाचं नाही. तेव्हा कुठे मला कळलं की ही परीक्षा नव्हती. (उजवीकडचं ऑपरेशन छान झालं. शिक्षक आता वॉर्डातल्या तक्त्यांमधल्या चुका काढतात.)

दुपारी सरांनी खोलीत बोलावलं. मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली होती. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी मुद्दाम म्हटलं होतं. तू पास झालीस." वागणुकीत पैकीच्या पैकी. आता सगळे माझं अभिनंदन करतात आणि वायरलेस तर स्वतःच पास झाल्यासारखा फिरतो. पण घाम मी पाहिलाय. मी गप्प बसले तर एवढ्या सगळ्यांनी माना का हलवल्या हे कुणी विचारणारच नाही, आणि पुढच्या वेळी टेबलावर दुसरं कुणी असेल. मुख्य म्हणजे, चूक खरी आहे असं मला आधी माहीत असतं तर मी बोलले असते का? मला खरंच माहीत नाही. सरांपेक्षा मला याचीच जास्त भीती वाटते.

इथे थांबते. माझी बातमी कशीही आली तरी माया आहे तशीच ठेवा.

तुमची भाची

ता. क. विभागप्रमुख मॅडमना भेटून मी सगळं खरं सांगितलं आहे. पुढचे गुण सरांच्याच हातात आहेत, तेव्हा वर्ष जाईल असं धरून चाला. बाबांनी गॅरेजमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला 'आमची सर्जन' सांगून ठेवलंय, त्यांना जरा सांभाळून सांगा.

आणखी एक ता. क. वरचं खोटं आहे. मॅडमच्या दारापर्यंत गेले, आतून "कोण?" आलं, तर लायब्ररी कुठे आहे असं विचारून परत आले. (मी रोज तिथेच बसते.) म्हणून खरी विनंती अशी, की तुमच्या सलूनमध्ये एकाची दाढी होईपर्यंत बातमी गावभर होते, यावरून घरात सगळे तुम्हाला नावं ठेवतात, पण मला आत्ता तेच हवंय. भाचीने मोठ्या सरांची चूक वर सांगितली, असं पत्र मिळताच सगळ्यांना सांगा. (सरांचं नाव मी लिहिलेलंच नाही, शोधू नका.) बाबांना कळलं की ते अभिमानाने लगेच फोन करतील, आणि त्यांच्याशी खोटं बोलणं मला जमत नाही. फोन वाजला की आधी मॅडमचं दार वाजवीन, मग तो उचलीन.