हात मांडीखाली

४ फेब्रुवारी, मंगळवार

ड्रायव्हरकाकांनी आज पुन्हा ब्रेक शोधला! जन्मभर बस चालवली, आता निवृत्त होऊन क्लबवर माझ्याकडे शिडाची होडी शिकायला आलेत, पण पाय अजून बसमध्येच. वारा वाढला की होडीच्या तळावर दणकन दाबतात. "बाई, हिला थांबवायचं कसं?" म्हटलं, शिडाचा दोर सोडा. सोडला. शीड फडफडलं, होडी थांबली. काका असे खूश, की होडीचा शोध त्यांनीच लावला!

ह्याच्यासाठीच तर मी हे काम करते. इतकी वर्षं झाली, अजून कंटाळा नाही. समोरच्याच्या हाताला वारा कळतो ना, त्याच्या जरासं आधी मला कळतं — आता ह्याला कळणार. घरी हे सांगायला लागले की नवरा म्हणतो, "जेवताना तरी होडी बांधून ठेव."

काकांना माझा नियमही सांगितला. यापुढे सुकाणू तुमच्या हातात. मी पुढे बसणार, दोन्ही हात मांडीखाली. अगदी गळ्याशी आलं तरच काढणार. धक्क्याला लागल्यावर त्यांनी विचारलंच — सगळे विचारतात — "किती वेळा हात काढावेसे वाटले?" माझं उत्तर ठरलेलं. "ते सांगत नसतात."

७ फेब्रुवारी, शुक्रवार

डावा खांदा पुन्हा दाराच्या चौकटीवर आपटला. नवरा म्हणतो, "दाराशी काही भांडण आहे का तुझं?" हसले. पण दर वेळी तोच खांदा.

११ फेब्रुवारी, मंगळवार

डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. यंत्रावर हनुवटी टेकवायची, ठिपका चमकला की बटण दाबायचं. मला वाटलं, झकास जमलं. उजव्या डोळ्याचा कागद बरा आला. डाव्याचा जवळजवळ सगळा काळा, म्हणजे तिथलं दिसतच नाही.

काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही म्हणे, उरलेली औषधाच्या थेंबांवर सांभाळायची. "गाडी चालवता?" नाही. "मग बरं." होडीचं त्यांनी विचारलं नाही. मीही बोलले नाही.

नवऱ्याला सांगितलं, चष्म्याचा नंबर बदललाय.

१५ फेब्रुवारी, शनिवार

अक्षर बिघडलंय.

वारा उजवीकडून, छान भरलेला. काका सुकाणूवर, मी पुढे, हात मांडीखाली, शिडाबद्दल त्यांना काहीतरी सांगत होते. एकाएकी काकांनी होडी उजवीकडे वळवली. शिडाची आडवी काठी डोक्यावरून गेली, मी कशीबशी वाकले. आणि डावीकडून मासेमारीची मोठी लाँच — इतकी जवळून गेली की तिच्या अंगावरचा गंज दिसला. मला दिसलीच नव्हती. अजिबात! इंजिनाचा आवाजही वाऱ्याने पलीकडे नेला होता.

काकांचा चेहरा नुसता उजळलेला. "बाई, मला लांबूनच दिसली होती. तुमच्याकडे बघितलं, तर तुम्ही ढिम्म! हात मांडीखालीच! म्हटलं, बाईंनी एवढा भरवसा टाकलाय, तर आपण कशाला ओरडायचं?"

त्यांना वाटलं, मी परीक्षा घेतेय. तो गैरसमज मी तसाच राहू दिला. भीती वाटते आहे — आत्तासुद्धा.

१७ फेब्रुवारी, सोमवार

काकांनी क्लबभर तिखटमीठ लावून सांगितलंय. कॅन्टीनवाल्याने चहा आणून ठेवला — "वाघीण आहात बाई!" सेक्रेटरींनी बोलावलं. पुढच्या सोमवारपासून लहान मुलांचा वर्ग, आठ मुलं, माझ्याकडे. "इतकं थंड डोकं दुसऱ्या कुणाचं नाही."

किती वर्षं हा वर्ग मागत होते मी! हो म्हणून बसले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मोठ्या माणसाला स्वतःची नजर असते. मुलं फक्त माझ्या तोंडाकडे बघतात.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आधी काकांना सांगितलं. धक्क्यावर बसून. डोळा, काळा कागद, लाँच — सगळं.

"म्हणजे तो भरवसा नव्हता?"

"मला दिसलंच नाही, काका. दिसलं असतं तर मी हात काढले असते."

ते उठले. लाइफ जॅकेट खुंटीला अडकवलं आणि निघून गेले. रागावले असते, चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. एवढं एकच काम त्यांनी दिमाखात केलं होतं, त्यातली हवाच मी काढून घेतली.

मग सेक्रेटरींना. ते बिचारे ओशाळले. पाण्यावरचा वर्ग अर्थात बंद. "धक्क्यावर शिकवा ना. गाठी आहेत, वाऱ्याच्या दिशा आहेत…" बघते म्हणाले. वारा काय फळ्यावर शिकवू?

घरी नवऱ्याला सांगितलं. जेवायला बसलो तेव्हा माझ्या डाव्या हाताशी पाण्याचा पेला होता, तो उचलून त्याने उजवीकडे ठेवला. तेव्हा रडले. होडीसाठी नाही. मी आता कुणाला शिकवणार नाही, म्हणून.

२३ फेब्रुवारी, रविवार

माझ्या वस्तू आणायला क्लबवर गेले, तर ड्रायव्हरकाका धक्क्यावर हजर. जॅकेट घातलेलं, होडी सोडायच्या तयारीत. "बसा बाई. सुकाणू तुमच्याकडे. डावीकडचं तेवढं मी सांगेन." काका पुढे जाऊन बसले, हात मांडीखाली. खुणेच्या तरंगत्या बोयापर्यंत गेलो, वळसा घालून आलो. "डावीकडे एक होडी, लांब आहे," एवढंच काय ते बोलले.

धक्क्याला लागल्यावर मी न राहवून विचारलं, किती वेळा हात काढावेसे वाटले?

"ते सांगत नसतात, बाई."