गल्लीवरची जांभळी लुंगी

आई,

थायलंडला मी सुखरूप आहे. तुझा गुडघा कसा आहे?

आपल्यासारख्या ताटातूट झालेल्या कुटुंबांवर मी केलेला गेम काल आपल्या शेजारच्या, आता इथेच आलेल्या सान मावशीने खेळून पाहिला. लष्कराविरुद्धच्या मोर्चातून पळणाऱ्या मुलीसाठी तिने मंडालेची आपलीच गल्ली निवडली. वर बायकांच्या लुंग्या टांगलेल्या, मला आठवल्या तशाच मी चितारलेल्या. त्यांच्याखालून गेलो तर पुरुषपण जाईल, म्हणून सैनिक थबकले. मुलगी निसटली, त्या दिवशी मी निसटले तशीच.

मावशी ओरडली, "अगं, ही जांभळी तुझ्या आईच्या लग्नातली! तिने ती टांगली तेव्हा शिडी मीच धरली होती. वरून मलाच दटावते, पोरीला सांगशील तर बघ!"

मला अजून खरं वाटत नाही. त्या सकाळी तू मोर्चाला शिव्या देत होतीस.

मावशीने ओळखली, तशी लष्कराची माणसंही ओळखतील. म्हणून गेममध्ये मी ती हिरवी केली. तू परत आणली असशील तर लपव. जाळू मात्र नकोस.

तुझीच,
थंदार