साखरेच्या डब्यामागचं मत

मोंटाना, गुरुवार

लाडके सिग्ने,

आज सगळ्यात आधी कोण आलं सांगू? मत द्या म्हणून दारोदार सांगत फिरणाऱ्या त्याच दोघी निवडणूकवाल्या मुली! इथला खासदार वारला ना, त्याच्या रिकाम्या जागेसाठी मतदान आहे.

"आजी, ठरलं का मत?"

"छे गं, ठरतच नाही," म्हणत मी केक पुढे केला.

त्यांच्यातली मोठी हसली. "लग्नाला होकार द्यायलाही एवढाच वेळ लावलात?"

"याहून जास्त! एल्मर बिचारा दोन हिवाळे हेलपाटे घालत होता."

खूप हसलो बाई.

खरं तुलाच सांगते. इथे मतपत्रिका टपालाने घरीच येते; मत केव्हाच लिहून पाकिटात बंद केलंय, साखरेच्या डब्यामागे आहे. पण ते पोचलं की या मुली आपल्या यादीतून माझं नाव खोडतात, मग कुणी दार वाजवत नाही. मुलगा-सून कामावर गेले की घर फार मोठं वाटतं. तू काळजी करू नकोस, मी मजेत आहे. तुझा गुडघा कसा आहे? कोंबड्या अंडी देतात ना?

मत मी बुडवणार नाही, आई रागावली असती. शेवटच्या दिवशी मुली गाडी आणणार आहेत, तेव्हा पाकीट मतपेटीत टाकीन. त्यानंतरचं अजून मनात आणलेलं नाही.

त्याआधी या मंगळवारी सकाळी दहाला, मत ठरलं का विचारायला, पुन्हा नक्की येतो म्हणाल्यात.

तुझीच थोरली बहीण,
इंगा