अंदमानला नेलेलं मत

१२ एप्रिल २०१३, शुक्रवार

माफी असावी. दूध संघाने ही डायरी जानेवारीत दिली, वर म्हशीचा फोटो आहे, आणि मी पहिलं पान उघडतो आहे एप्रिलात. उशीर झाला खरा. पण लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं. टँकर आला, टँकर नाही आला, हे रोज काय लिहायचं? माफी नेमकी कोणाची मागतो आहे ते मलाही कळत नाही, पण सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाने सुरुवात रीतीने करावी.

बातमी अशी की उद्या मी अंदमानला निघतो आहे. विमानाने.

आमच्या वडवणी तालुका दूध संघाच्या चेअरमनची निवड पुढच्या शुक्रवारी आहे. संचालक तेरा. रामहरी आण्णांकडे सहा, बद्रीनाथ पाटलांकडे सहा. तेरावा मी. कागदावर नाव केसरबाईचं आहे, कारण ती जागा बायकांसाठी राखीव निघाली आणि आमच्या घरात बाई ती एकच. पण तीन वर्षं मीटिंगला मी जातो, तिच्याकरिता म्हणून सही मी करतो, चहा-बिस्किटं मी खातो. सगळे मलाच डायरेक्टर म्हणतात.

निवड होईपर्यंत समोरच्याने माणसं फोडू नयेत म्हणून आण्णा आपल्या माणसांना बाहेर नेऊन ठेवतात. मागच्या खेपेला महाबळेश्वर होतं. या खेपेला अंदमान. कागदोपत्री नाव 'अभ्यास दौरा'.

केसरबाईला सांगितलं. ती चारा छावणीत म्हशींपाशी होती. म्हणाली, "तुमी कावून चाललात? मत माझं हाय." मी हसलो. म्हटलं, तू म्हशी सोडून कुठे येतेस? मतदानाच्या दिवशी गाडी येईल, बस आणि मी सांगेन तेव्हा हात वर कर. तिने शेणाची पाटी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "बरं. मंग आण्णाला एक इचारा. गोदामातली पेंड कवा वाटणार? इथं म्हशी नुसता ऊस चघळायलेत, दूध आटलंय. बायका रोज माझ्या जिवाला खायलेत."

विचारतो म्हणालो. किरकोळ काम आहे.

संकल्प एक: कशालाही घाबरायचं नाही.
संकल्प दोन: चेअरमन आपणच व्हायचं. दोन्हीकडे सहा-सहा असताना मान तेराव्याचाच. आण्णांना हे अजून सुचलेलं नाही, एवढंच.

१४ एप्रिल, रविवार

पोचलो.

सटवा माझ्याच खोलीत आहे. तोही संचालक, वयाने माझ्याएवढा. विमानात बिचारा फार घाबरला. त्याला धीर यावा म्हणून मी चेन्नईपासून त्याचा हात घट्ट धरून ठेवला. आता म्हणतो मनगटाला वळ उठले. उपकाराची जाणीव नाही.

उतरल्याबरोबर आण्णांच्या ड्रायव्हरने सगळ्यांचे फोन उशीच्या अभ्र्यात गोळा केले. सुरक्षेसाठी.

खोलीत नळ आहे आणि नळाला पाणी आहे. विश्वास ठेवला नाही. बादली, मग, कचऱ्याचा डबा, चहाची किटली, सगळं भरून ठेवलं. हॉटेलचा पोरगा हिंदीत म्हणाला, चोवीस घंटे आता है. सगळे असंच म्हणतात. आमच्या सरपंचानेही म्हटलं होतं.

१५ एप्रिल, सोमवार

समुद्र पाहिला. एका खलाशाला विचारलं, हा किती टीएमसी भरेल? त्याला माहीत नव्हतं. माजलगाव धरणावरच्या शिपायाला कधीही विचारा, मृतसाठ्यासकट पाठ असतो.

जेवणात मासे. भाकरी नाही. दोन घासांतच उठतो. हवेचा दोष असावा.

मोठी तक्रार: इथे सूर्य साडेपाचलाच बुडतो! आपल्याकडे पावणेसातपर्यंत बांधावर उजेड असतो. दिवसामागे तासभर सरळ कापून घेतात आणि भाडं मात्र पूर्ण दिवसाचं. मॅनेजरकडे तक्रार केली. त्याने फळांचा रस दिला. प्रकरण मिटवायला बघतो आहे.

दुपारी आण्णांनी मला बाजूला बोलावलं. म्हणाले, "काका, बाईचं नक्की ना?" मी म्हणालो, माझ्या शब्दाबाहेर नाही. चाळीस वर्षांचा संसार आहे. तेव्हाच पेंडीचं विचारता आलं असतं. पण एवढ्या मोठ्या विश्वासाच्या क्षणी पेंड काय काढायची?

उद्या संध्याकाळी बोटीतून सूर्यास्त दाखवायला नेणार आहेत. कॅटमरान म्हणतात. सटवाने चौकशी केली: दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी जोडलेल्या, वर एक मजला, पुढे दोन्हींच्या मधे नुसती जाळी. एका होडीवर भरवसा नसल्याशिवाय कोणी दुसरी जोडील का? सटवा म्हणतो, "आघाडी सरकारावानी हाय, बुडत न्हाई." मला यात धीर वाटण्यासारखं काही दिसलं नाही.

१६ एप्रिल, मंगळवार, सकाळ

प्लॅन पक्का. चेअरमनपदाचं आज बोटीवर काढायचं. सूर्य बुडताना माणूस मऊ पडतो. भाषण तयार आहे: "आण्णा, सहकाराच्या या सागरात अनुभवी कप्तान पाहिजे." आरशासमोर चार वेळा म्हणून पाहिलं. शेवटी सटवा बाथरूममधून ओरडला, "आवं, करा की ह्या काकाला कप्तान कुणीतरी, मला आंघोळ करू द्या!"

वेळ उरला तर पेंड.

दुपारी

जायचं की नाही विचार करतो आहे. भीती नाही. पण गुडघा आणि हवा.

पुन्हा दुपारी

जायचं ठरवलं. आण्णा म्हणाले, खोलीत एकटा ठेवणार नाही, कोणी पळवून नेईल. माझी केवढी किंमत आहे हे आज प्रथमच कोणी स्पष्ट बोललं.

रात्री जेवणाआधी

झालं ते सगळं लिहितो.

नारिंगी जाकीट घातलं. सगळे पुढे जाळीवर जाऊन बसले, खाली पाणी दिसत होतं. मी बसलो नाही, आडवा झालो. वजन सगळीकडे सारखं पडावं म्हणून. दोन्ही हातांनी जाळी धरली, तीही तपासण्यासाठी.

बोट थोडी आत गेली आणि मागच्या बाकांवरून कोणीतरी खणखणीत आवाजात म्हणालं, "काय आण्णा, अभ्यास चालू हाय का?"

बद्रीनाथ पाटील! आणि त्यांची सहाच्या सहा माणसं! बीडच्या एकाच ट्रॅव्हल्सवाल्याने दोन्ही गटांना तेच बेट, एकाला एक लागून हॉटेलं आणि तीच बोट विकली होती. टोप्यासुद्धा एकाच रंगाच्या दिल्या होत्या, त्यामुळे चढताना कोणी कोणाला ओळखलं नाही.

आण्णा जराही डगमगले नाहीत. म्हणाले, "चालू हाय की. तुमचा इषय कंचा?"

"पाणी," बद्रीनाथ म्हणाले. सगळी बोट हसली. खलाशीही हसला, त्याला मराठी येत नसूनही.

मी ठरवलं, हीच वेळ. दोन्ही गटांसमोर नाव पुढे आलं तर सोन्याहून पिवळं. गुडघ्यांवर उठलो. सूर्य पाण्याला टेकत होता. "आण्णा, सहकाराच्या या सागरात..." एवढं म्हणालो आणि दुपारचं जेवण आण्णांच्या बुटांवर आलं. बूट कापडी होते. धुतले जातील.

बद्रीनाथ म्हणाले, "तुमचे सहा, आमचे सहा. अन् ह्ये काका कोण?"

"ह्ये तेरावे," आण्णा बूट हलवत म्हणाले.

यावर बद्रीनाथ इतके हसले की त्यांच्याच माणसांना त्यांचं जाकीट धरावं लागलं. "आवं आण्णा! तेरावी तिकडं छावणीत शेण काढायलीय! तुमी मालकिणीला तिथंच ठिवलं अन् मालक उचलून आणला व्हय!"

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. बुटांमुळे असावं.

मग विचित्र झालं. बद्रीनाथांचं हसू हळूहळू थांबलं. आण्णांचंही तोंड गंभीर झालं. बाई तिकडे एकटी आहे आणि आपण दोघेही इकडे आहोत, हे बहुतेक दोघांच्या एकदमच लक्षात आलं. दोघांनी फोन काढले. रेंज नव्हती. दोघांनी एकाच वेळी खलाशाला ओरडून बोट फिरवायला सांगितली. दोन गटांचं एकमत झालेलं मी तीन वर्षांत प्रथमच पाहिलं.

बोट फिरली त्यामुळे सूर्यास्त पाठीमागे झाला. मान वळवायला जाळी सोडावी लागली असती.

१७ एप्रिल, बुधवार

सकाळपासून आण्णा हॉटेलच्या एका कोपऱ्यातून आणि आमच्याच हॉटेलात येऊन बसलेले बद्रीनाथ दुसऱ्या कोपऱ्यातून केसरबाईला फोन लावत आहेत. दोघांनाही एकच उत्तर: "आधी पेंड. मंग बघू."

आण्णांनी तासाभरात गोदाम उघडायला लावलं. बद्रीनाथांनी छावणीपर्यंत न्यायला स्वतःचे ट्रॅक्टर दिले. सहकारात इतकं चांगलं काम मी पाहिलेलं नाही.

आण्णांनी मला विचारलं, "काका, पेंडीचं तुमाला सांगितलं होतं म्हनं बाईंनी?" मी म्हणालो, योग्य वेळेची वाट पाहत होतो. त्यांनी फोनच हातात दिला, म्हणाले, बोला, समजवा तिला.

मी भारदस्त आवाजात म्हणालो, अगं, आण्णांना हो म्हण.

ती म्हणाली, "पेंड आली. शेजारच्या तुळजाबाईची बसलेली म्हैस उभी ऱ्हायली आज."

मी म्हणालो, बरं झालं. आता शुक्रवारी मी सांगेन तेव्हा...

"ह्या खेपेला हात मी माझ्या मनानं वर करनार हाय," ती म्हणाली. "अन् सूर्य बुडताना लई भारी दिसतो म्हनं तिथं. बघितला का?"

मी रेंज गेल्याचं सांगितलं.

एकंदर बोलणं प्रेमाचं झालं. आण्णांना तसा रिपोर्ट दिला: बाई नव्वद टक्के आपल्या. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी मला चेअरमन करण्याचं सुचवणार होतो, पण ते तोवर बद्रीनाथांच्या टेबलावर जाऊन बसले होते. बराच वेळ बसले. मी खांबाआडून दोनदा खोकलो.

१८ एप्रिल, गुरुवार

ठरलं म्हणे. बिनविरोध. मला वाटलं, तडजोडीचा उमेदवार म्हणून माझंच नाव. धोतर बदलून खाली आलो.

सटवाने सांगितलं. केसरबाईने काल संध्याकाळी दोघांनाही एकाच फोनवर घेऊन कळवलं: तुमच्यातला कोणीही झाला तर दुसरा वर्षभर संघ चालू देणार नाही, दुष्काळात हे परवडत नाही, तेव्हा मीच होते, ज्याला पटेल त्याने नाव सुचवावं. आण्णांनी घाईने सूचक म्हणून नाव दिलं. मागे पडायला नको म्हणून बद्रीनाथांनी त्याच दमात अनुमोदन दिलं.

मी बसलो. सटवा म्हणाला, "काका, तोंड बंद करा, माशी जाईल."

अर्थात हे माझ्याच धोरणामुळे झालं. मी पेंड अडवून धरली नसती तर तिला बोलायला मुद्दाच मिळाला नसता. शिवाय बाई चेअरमन म्हणजे घरात चेअरमनपद. शेवटी आपणच.

उद्याच्या निवडीला सगळ्यांना हजर राहायचं म्हणून दुपारच्या विमानाने निघायची एकच धांदल उडाली. जागा कमी, माणसं दोन गटांची. आण्णा म्हणाले, "काका, तुमाला मत न्हाई. घाई काय? तुमचं तिकीट रविवारचंच ऱ्हाऊ द्या." माझी जागा बद्रीनाथांच्या माणसाला दिली. मी मोठ्या मनाने दिली, असं समजतो.

फोनचा अभ्रा ड्रायव्हरबरोबर गेला. माझा फोन आत.

१९ एप्रिल, शुक्रवार

खोलीत एकटा. नाश्त्याला पुन्हा ब्रेड.

मॅनेजरच्या हातापाया पडून त्याच्या फोनवरून घरी लावला. कोणी उचलला नाही. मग दुपारी संघाच्या ऑफिसला लावला. पलीकडे गलका, हलगी, फटाके. गहिनीनाथ क्लार्कने उचलला. तीन वर्षं हाच मला पाहून उठून उभा राहायचा. म्हणाला, "म्याडम सत्काराला बसल्यात. तुमी कोण?"

मी म्हणालो, अरे मी, धोंडीराम.

"कंच्या गावचे?"

मी म्हणालो, म्याडमच्या घरचा.

"हां हां काका! बोला, लवकर बोला. लई गर्दी हाय."

मी विचारलं, माझ्यासाठी काही निरोप ठेवलाय का? त्याने फोन बाजूला ठेवून कोणाला तरी विचारलं. हलगीत काही ऐकू आलं नाही. परत येऊन म्हणाला, "न्हाई काका. तुमचं काय आसंल ते सांगा, लिहून घेतो. घरगुती इषय म्याडम सोमवारी बघनार हायेत."

मी बरं म्हणून फोन ठेवला. अभिनंदन करायचंही राहिलं. आता सुचलं, पण मॅनेजर फोन देत नाही. म्हणून इथे लिहितो.

अगं, रविवारी रात्री चेन्नईला उतरेन. पुढे कसं यायचं मला माहीत नाही. इकडे येताना आण्णांची गाडी होती. मद्रासी येत नाही. वडवणीच्या स्टँडवर कोणाला पाठवलंस तर मी तुझी पिशवी धरीन, मीटिंगला बाहेर बाकावर बसेन, आत येणार नाही. तू म्हणशील तसं. पण सोमवारपर्यंत थांबू नकोस. येऊ का नको, एवढं तरी आजच्या आज कळव.